जैवरेणू वाचायला शिका: चित्रातून कामापर्यंत

कर्बोदकं ऊर्जा देतात, प्रथिनं शरीर बांधतात, मेद ऊर्जा साठवतात, डीएनए माहिती जपतो. जैवरेणूंचा धडा शिकून झाल्यावर बहुतेकांच्या डोक्यात एवढंच उरतं. यातलं काही चूक नाही, पण ‘का’ हा प्रश्न तसाच राहतो. बटाट्यातला स्टार्च ग्लुकोजचा बनलेला आणि कापसाचा धागाही ग्लुकोजचाच. मग एक आपण पचवतो आणि दुसरा का पचवू शकत नाही?

उत्तर रेणूच्या चित्रातच असतं. चित्र वाचायची सवय मात्र लावून घ्यावी लागते. ती कशी लावायची ते इथे पायरीपायरीने सांगतो. नावं पाठ करण्याआधी हे करून पाहा. नावं मागाहून आपोआप लक्षात राहतात, हा शिकवतानाचा माझा कायमचा अनुभव आहे.

लागणारं साहित्य असं: कागद, पेन्सिल, निळा आणि पिवळा रंग, टिंक्चर आयोडीन, थोडा कापूस, दोन बटाटे, एक अंडं, 3 टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड, भांडी घासायचं द्रव साबण, मीठ, तीन-चार पिकलेल्या स्ट्रॉबेरी, 90 टक्क्यांच्या वरचं अल्कोहोल, आणि शेवटच्या पायरीसाठी इंटरनेट. अल्कोहोल लगेच पेट घेतं, त्यामुळे ते वापरताना जवळपास ज्योत नको. पेरॉक्साइड आणि आयोडीन डोळ्यांपासून लांब ठेवा. प्रयोगात वापरलेलं काहीही खायचं नाही.

पायरी 1: पाण्यापासून सुरुवात करा

पेशीच्या वजनात सुमारे 70 टक्के पाणी असतं. जैवरेणू जे काही करतात ते या पाण्यात राहून करतात, म्हणून आधी पाणी समजून घ्यायचं.

पाण्याचा रेणू कागदावर काढा: मध्ये ऑक्सिजन, दोन्ही अंगांना कोनात हायड्रोजन. ऑक्सिजन इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढून धरतो, त्यामुळे त्याच्या बाजूला थोडा ऋण प्रभार येतो आणि हायड्रोजनांच्या बाजूला थोडा धन. एका रेणूची धन बाजू शेजाऱ्याच्या ऋण बाजूकडे खेचली जाते. हाच हायड्रोजन बंध. एकटा असेल तर दुबळा, पण असे हजारो एकत्र आले की त्यांचा जोर मोठा होतो.

आता या लेखाला शेवटपर्यंत पुरणारा एक नियम घ्या. कोणत्याही रेणूचं चित्र समोर आलं की त्यातला ऑक्सिजन, नायट्रोजन किंवा प्रभार असलेला भाग निळा रंगवा. नुसते कार्बन आणि हायड्रोजन असलेला भाग पिवळा रंगवा. निळा भाग पाण्यात रमतो. पिवळा भाग पाण्याबाहेर ढकलला जातो आणि दुसऱ्या पिवळ्या भागाला जाऊन चिकटतो. पिवळ्यांना एकमेकांची फार ओढ असते म्हणून हे होत नाही. पाण्याचे रेणू आपापसातले बंध सोडायला तयार नसतात, म्हणून पिवळे भाग कडेला सारले जातात. हा फरक नीट ध्यानात घ्या. पुढे प्रथिनाची घडी का पडते, ते इथूनच कळणार आहे.

पायरी 2: मणी कोणता आणि दुवा कोणता, ते शोधा

मोठे जैवरेणू बहुधा माळेसारखे असतात. कर्बोदकांच्या माळेत साखरेचे मणी, प्रथिनांत अमिनो आम्लांचे, डीएनए आणि आरएनएमध्ये न्यूक्लिओटाइडचे. दोन मणी जोडले जाताना पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो. माळ तोडायची तर तो परत द्यावा लागतो. पचन म्हणजे मुख्यतः हेच: विकरांच्या (एन्झाइमांच्या) मदतीने पाणी घालून दुवे तोडणं.

हिशेब करून पाहा. ग्लुकोजचं रेणुवस्तुमान 180. दोन ग्लुकोज मिळून 360 व्हायला हवेत, पण त्यांच्या जोडीचं, म्हणजे माल्टोजचं, वस्तुमान भरतं 342. हरवलेले 18 म्हणजे पाण्याचा एक रेणू. याच हिशेबाने 100 अमिनो आम्लांची सलग साखळी बनताना पाण्याचे 99 रेणू सुटतात.

मेद मात्र या माळेच्या नियमात बसत नाहीत. चारही गटांना सरसकट ‘बहुवारिक’, म्हणजे अनेक मण्यांची माळ, म्हणायची चूक फार जण करतात. मेदाचा रेणू म्हणजे एका ग्लिसरॉलला जोडलेली तीन मेदाम्लं, तेवढ्यावर तो संपतो.

पायरी 3: एकच मणी दोन प्रकारे जोडून बघा

ग्लुकोजचा षटकोन काढा. उजव्या टोकाला पहिला कार्बन, त्यावर एक हायड्रॉक्सिल गट, म्हणजे ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी. हा गट खाली असेल तर तो अल्फा ग्लुकोज, वर असेल तर बीटा. फरक एवढाच.

आता पाच-सहा अल्फा षटकोन एकापुढे एक जोडा. प्रत्येक जोडणीत साखळी थोडी वळते आणि शेवटी स्प्रिंगसारखी गुंडाळी तयार होते. हा स्टार्चमधला ॲमायलोज. मग बीटा षटकोन जोडायला घ्या. दुवा नीट बसायचा तर दर दुसरा षटकोन उलटा करावा लागतो. तसं केलं की साखळी सरळ काठीसारखी होते. अशा काठ्या शेजारीशेजारी ठेवल्या की त्यांच्यात जागोजागी हायड्रोजन बंध जमतात आणि चिवट धागा तयार होतो. हे सेल्युलोज. वनस्पतीच्या पेशीला भिंत यातूनच मिळते. आपली पचनविकरं अल्फा दुव्यावर नेमकी बसतात, बीटा दुव्यावर त्यांना पकडच मिळत नाही. सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर एका हायड्रॉक्सिल गटाच्या वर-खाली असण्यात आहे.

हे डोळ्यांनी पाहता येतं. बटाटा किसून पाण्यात कोळा, गाळा आणि खाली बसलेला पांढरा साका घ्या. त्यातला चिमूटभर पाण्यात उकळून गार करा आणि आयोडीनचा एक थेंब टाका. गडद निळा-काळा रंग येईल, कारण आयोडीन ॲमायलोजच्या गुंडाळीच्या पोकळीत जाऊन बसतं. दुसरा थेंब कोरड्या कापसावर टाका. कापूस म्हणजे जवळजवळ शुद्ध सेल्युलोज. तिथे गुंडाळी नाही, पोकळी नाही, म्हणून डाग तपकिरीच राहतो.

इथे थांबू नका. निळं झालेलं पाणी परीक्षानळीत घ्या आणि नळी गरम पाण्यात उभी करा. उष्णतेने गुंडाळी सैल पडते, आयोडीन सुटतं आणि रंग हळूहळू उडतो. नळी बाहेर काढून गार होऊ द्या, निळा रंग परत येतो. फार वेळ तापवू नका, नाहीतर आयोडीनच उडून जाईल. कर्बोदकांवरचं एकच प्रात्यक्षिक करायला वेळ असेल तर मी हेच निवडेन. रेणूची गुंडाळी सुटताना आणि पुन्हा पडताना इतक्या सहज दुसरीकडे बघायला मिळत नाही.

ग्लायकोजेनबद्दल, म्हणजे प्राण्यांच्या शरीरातल्या ग्लुकोजच्या साठ्याबद्दल, थोडक्यात. तेही अल्फा ग्लुकोजचंच, पण दर 8 ते 12 मण्यांनंतर त्याला फांदी फुटते. ग्लुकोज सोडवणारं विकर साखळीच्या टोकाकडून काम करतं. फांद्या जास्त तितकी टोकं जास्त आणि तितका ग्लुकोजचा पुरवठा जलद. धावणाऱ्या प्राण्याच्या स्नायूला हे लागतं. जागचं न हलणाऱ्या झाडाचं कमी फांद्यांच्या स्टार्चवर भागतं.

पायरी 4: मेदाम्लाचं शेपूट सरळ आहे की वाकडं, ते बघा

स्टिअरिक आम्ल आणि ओलेइक आम्ल दोन्ही काढा. दोघांतही 18 कार्बन. स्टिअरिकची साखळी सरळ, ओलेइकच्या मध्यावर एक दुहेरी बंध आणि तिथे बाक. सरळ शेपट्या लाकडाच्या मोळीसारख्या दाटीने रचल्या जातात, बाकदार शेपट्यांमध्ये फट राहते. परिणाम वितळणबिंदूत दिसतो: स्टिअरिक सुमारे 69 अंश सेल्सिअसला वितळतं, ओलेइक सुमारे 13 अंशांनाच. तूप गोठतं आणि तेल वाहतं राहतं, ते मुख्यतः या बाकामुळे.

रंग भरायला घ्या. शेपूट पूर्ण पिवळं, म्हणून मेद पाण्यात विरघळत नाहीत. पाणी न धरता साठवता येतात आणि ग्रॅममागे सुमारे 9 किलोकॅलरी देतात, कर्बोदकांच्या दुपटीहून अधिक. आता तीनपैकी एक शेपूट काढून तिथे फॉस्फेटचा प्रभारित गट लावा. निळं डोकं आणि दोन पिवळी शेपटं असा फॉस्फोलिपिड तयार झाला. असे शेकडो रेणू पाण्यात सोडले तर काय होईल, हे पुढे वाचण्याआधी स्वतः काढून बघा.

बहुतेकांना जमतं: डोकी पाण्याकडे, शेपटं आत, दोन थर पाठीला पाठ लावून. सुमारे 5 नॅनोमीटर जाडीचं हे पटल कोणी न रचता आपसूक तयार होतं. त्याचा गाभा पिवळा असल्यामुळे ऑक्सिजन वायूचा छोटा, प्रभार नसलेला रेणू सहज आरपार जातो. सोडियमसारख्या प्रभारित आयनाला मात्र प्रथिनांनी उघडलेली वाट लागते. पेशीच्या आत काय आणि बाहेर काय, ते यातून ठरतं.

पायरी 5: प्रथिनाची घडी ओळखा

इथे सावकाश जा. प्रथिनांइतकी विविधता दुसऱ्या कोणत्याही गटात नाही.

प्रथिनं 20 प्रकारच्या अमिनो आम्लांपासून बनतात. सगळ्यांचा कणा सारखा, वेगळी असते ती बाजूची साखळी. वीसही चित्रं समोर ठेवा आणि फक्त ती बाजूची साखळी रंगवा. व्हॅलिन, ल्युसिन, फेनिलॲलानिन पिवळी. ग्लुटामिक आम्ल, लायसिन, सेरिन निळी. ग्लायसिनला रंगवण्याजोगं काही नाही, तिथे एकटा हायड्रोजन असतो. सिस्टिनमध्ये गंधक आहे, त्याच्याभोवती गोल करून ठेवा. दोन सिस्टिन एकमेकांना गंधकाच्या पुलाने जोडू शकतात.

आता अशी माळ पाण्यात सोडली आहे असं समजा. पिवळे मणी पाण्यापासून लपायला आत जातात, निळे बाहेर राहतात. कणा मध्येच हायड्रोजन बंधांनी स्वतःशी बांधला जाऊन अल्फा सर्पिल किंवा बीटा पट्टी बनवतो. अल्फा सर्पिलाच्या एका वेढ्यात 3.6 अमिनो आम्लं बसतात. लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1951 मध्ये ही रचना मांडली. अशा सगळ्या ओढाताणीतून माळेला ठरावीक घडी पडते आणि त्या घडीत प्रथिनाचं काम असतं.

घडीची सूचना माळेतच असते, हे ख्रिश्चन अन्फिन्सन यांनी दाखवलं. 124 अमिनो आम्लांचं रायबोन्यूक्लिएज हे विकर त्यांनी रसायनांनी पूर्ण उलगडलं, गंधकाचे चारही पूल तोडले. विकर निकामी झालं. रसायनं काढून घेतल्यावर साखळीने स्वतःच पूर्वीची घडी घातली आणि विकर पुन्हा काम करू लागलं. या कामासाठी त्यांना 1972 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

अंड्याचा पांढरा बलक मात्र परत येत नाही. तो दोन वाट्यांत वाटून घ्या. एक वाटी गरम पाण्यावर धरा. 60 अंशांच्या पुढे कडेकडेने धुरकट पांढरे पदर दिसू लागतात. दुसऱ्या वाटीत अल्कोहोल ओता, तिथे न तापवताही बलक पांढरा पडतो. दोन्ही ठिकाणी माळ तुटलेली नाही, पेप्टाइड बंध, म्हणजे मण्यांमधले दुवे, शाबूत आहेत. घडी तेवढी उलगडली, आत लपलेले पिवळे भाग उघडे पडले आणि शेजारच्या साखळ्यांच्या पिवळ्या भागांना चिकटले. त्यांचं जाळं झालं आणि त्यावर प्रकाश विखुरला, म्हणून पांढरा रंग. अन्फिन्सन यांच्या प्रयोगात साखळ्या विरळ होत्या, त्यांना स्वतःची घडी घालायला मोकळीक होती. बलकात इतकी गर्दी असते की साखळ्या एकमेकींत गुंततात.

घडी मोडली की काम जातं, याची खातरजमा बटाट्यावर करा. कच्च्या बटाट्याचा तुकडा आणि उकडून गार केलेला तेवढाच तुकडा वेगवेगळ्या वाट्यांत ठेवून दोन्हींवर हायड्रोजन पेरॉक्साइड टाका. कच्चा तुकडा लगेच फसफसतो: कॅटालेज हे विकर पेरॉक्साइड फोडून पाणी आणि ऑक्सिजन वेगळे करतं. उकडलेला गप्प राहतो. तिसरा तुकडा कच्चाच, पण किसून घ्या आणि फेस का वाढला याचा विचार करा.

सगळी प्रथिनं गोळ्यासारखी घडी घालत नाहीत. कातडी, अस्थिबंध आणि हाडं यांना ताकद देणारं कोलॅजन दोरीसारखं असतं: तीन साखळ्या एकमेकींभोवती पिळलेल्या. या तिहेरी सर्पिलाची कल्पना गोपालसमुद्रम नारायण रामचंद्रन आणि गोपीनाथ कार्था यांनी 1954 मध्ये मद्रासहून मांडली. कोलॅजनच्या माळेत दर तिसरा मणी ग्लायसिन असतो. तीन साखळ्या जिथे एकत्र येतात तिथे आत इतकी कमी जागा उरते की एकट्या हायड्रोजनपेक्षा मोठं काही मावत नाही. एखाद्या ठिकाणी ग्लायसिनऐवजी दुसरं अमिनो आम्ल आलं तर पीळ बिघडतो, आणि हाडं ठिसूळ करणारा जन्मजात आजार होऊ शकतो. मघाशी ग्लायसिनला रंग दिला नव्हता. त्याचं महत्त्व त्या रिकामेपणातच आहे.

पायरी 6: डीएनए बाहेर काढा आणि प्रत्येक कृतीचं कारण सांगा

आधी चित्र. डीएनए म्हणजे पिळलेली शिडी, आणि तिची प्रत्येक पायरी म्हणजे समोरासमोरच्या दोन बेसांची जोडी. बेस चार प्रकारचे. ॲडेनीन आणि ग्वानीन दोन कड्यांचे, थायमीन आणि सायटोसीन एका कड्याचे. मोठ्यासमोर नेहमी लहान येतो, म्हणून शिडीची रुंदी सगळीकडे सारखी, सुमारे 2 नॅनोमीटर राहते. ॲडेनीन-थायमीन जोडीत दोन हायड्रोजन बंध, ग्वानीन-सायटोसीनमध्ये तीन. जोड्या ठरलेल्या असल्यामुळे एक धागा हाती असला की दुसरा लिहिता येतो, आणि नक्कल करणं शक्य होतं ते यामुळेच. रोझलिंड फ्रँकलिन यांच्या प्रयोगशाळेत 1952 मध्ये मिळालेल्या क्ष-किरण छायाचित्राने सर्पिलाचा मोठा पुरावा दिला. वॉटसन आणि क्रिक यांचं दुहेरी सर्पिलाचं प्रारूप 1953 चं.

आता कृती. स्ट्रॉबेरी पिशवीत घालून कुस्करा. अर्धा कप पाण्यात दोन चमचे द्रव साबण आणि अर्धा चमचा मीठ हलकेच मिसळा, फेस नको. ते पिशवीत घालून पुन्हा हळू चुरा, मग गाळा. गाळलेला रस उभट ग्लासात घ्या आणि फ्रीजरमध्ये गार केलेलं अल्कोहोल ग्लासच्या कडेने अलगद सोडा, दोन थर वेगळे राहिले पाहिजेत. काही मिनिटांत थरांच्या सीमेवर पांढुरके, बुडबुडे अडकलेले तंतू वर चढताना दिसतील. लाकडी काडीने गुंडाळून उचला.

प्रत्येक टप्प्याचं कारण मागच्या पायऱ्यांत आहे. साबणालाही निळं डोकं आणि पिवळं शेपूट असतं, म्हणून तो पेशीच्या पटलात घुसून ते फोडतो. डीएनएच्या कण्यावर फॉस्फेटचे ऋण प्रभार असतात. ते धाग्यांना एकमेकांपासून दूर ठेवतात आणि पाण्यात विरघळवतात. मिठातले सोडियम आयन हे प्रभार झाकतात. वरून अल्कोहोल आलं की पाण्याची पकड सुटते आणि डीएनए गोळा होऊन बाहेर येतो. स्ट्रॉबेरी घेण्याचं कारण तिच्या लागवडीतल्या जातीत गुणसूत्रांचे आठ संच असतात, त्यामुळे माल भरपूर मिळतो. काडीवरचा प्रत्येक तंतू म्हणजे एकेक सर्पिल नव्हे. असंख्य रेणूंचा तो गुंता आहे आणि त्यात थोडं आरएनए, प्रथिनं, पेक्टिनही असतं.

आरएनएच्या साखरेवर एक हायड्रॉक्सिल गट जादा असतो. तोच शेजारच्या बंधावर हल्ला करून धागा तोडू शकतो. थोडा वेळ वापरून टाकून द्यायच्या निरोपाला हे चालतं, पिढ्यान्‌पिढ्या जपायच्या माहितीला नाही. डीएनएच्या नावातलं ‘डीऑक्सी’ म्हणजे तो गट नसणं.

पायरी 7: पडद्यावर हिमोग्लोबिन उघडा

प्रोटीन डेटा बँक हा जैवरेणूंच्या रचनांचा संग्रह 1971 मध्ये अवघ्या 7 रचनांनी सुरू झाला. आज त्यात दोन लाखांहून जास्त रचना आहेत आणि सगळ्या मोफत. संकेतस्थळावर ‘फोर-एच-एच-बी’ (4HHB) या सांकेतिक क्रमांकाने शोधा, माणसाचं हिमोग्लोबिन उघडेल. माउसने फिरवा. चार साखळ्या वेगवेगळ्या रंगांत दिसतील, दोन अल्फा आणि दोन बीटा, मिळून 574 अमिनो आम्लं. प्रत्येकीच्या खोबणीत हीम नावाचा एक सपाट गट आणि त्याच्या मध्यावर लोह. रंगसंगती बदलून जलविरोधी भागांनुसार रंगवा. कागदावर केलेली निळ्या-पिवळ्याची विभागणी इथे प्रत्यक्ष दिसेल.

बीटा साखळीचं सहावं अमिनो आम्ल शोधा. ते ग्लुटामिक आम्ल आहे, म्हणजे निळं, आणि प्रथिनाच्या पृष्ठभागावर पाण्याच्या बाजूला आहे. सिकलसेल आजारात त्या जागी व्हॅलिन येतं. 574 पैकी फक्त 2 मणी बदललेले, कारण बीटा साखळ्या दोन. हा आजार हिमोग्लोबिनच्या रेणूतल्या फरकामुळे होतो असं पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी 1949 मध्ये दाखवलं. नेमकं कोणतं अमिनो आम्ल बदलतं ते व्हर्नन इनग्रॅम यांनी 1957 मध्ये शोधलं.

आता ‘टू-एच-बी-एस’ (2HBS) उघडा. ही सिकल हिमोग्लोबिनची, ऑक्सिजन सोडलेल्या अवस्थेतली रचना आहे. दोन रेणू जिथे भिडतात तिथे जवळ जा आणि सहावं व्हॅलिन ठळक करा. बाहेर आलेला तो पिवळा मणी शेजारच्या रेणूच्या बीटा साखळीवरच्या खळग्यात रुतलेला दिसेल. खळग्याच्या भिंतीही पिवळ्याच आहेत: 85 वं फेनिलॲलानिन आणि 88 वं ल्युसिन. हिमोग्लोबिनला ऑक्सिजन जोडलेला असताना त्याचा आकार थोडा वेगळा असतो आणि हा खळगा व्हॅलिनला नीट सामावून घेत नाही. ऑक्सिजन सुटला की जागा होते, एक रेणू दुसऱ्यात अडकतो, दुसरा तिसऱ्यात, आणि लांब ताठ दोऱ्या बनत जातात. तांबड्या पेशीला विळ्याचा आकार देणाऱ्या दोऱ्या त्याच.